बिलावर 'एसएसडी', आत हार्ड डिस्क : पैसे देण्याआधी हे बघाच

बिलावर छापलं होतं '1 टीबी एसएसडी', म्हणजे चिपांवर माहिती साठवणारा वेगवान ड्राइव्ह. लॅपटॉपच्या पोटात निघाली 1 टीबीची हार्ड डिस्क, फिरणाऱ्या चकतीची, अडीच इंची, 5400 आरपीएमची (मिनिटाला 5400 फेऱ्या). सेकंदाला 500 एमबी वाचायला हवेत तिथे जेमतेम 100. विंडोजचं बरंचसं काम चालतं ते 4 केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांवर, आणि त्यात तर सेकंदाला एक एमबीही धड नाही. याला नजरचूक म्हणत नाहीत. नजरचुकीने कुणी ड्राइव्हचं नाव बदलून ठेवत नाही.

हो, नाव बदललेलं होतं. 'धिस पीसी' उघडून दाखवलं, सी ड्राइव्हसमोर ठसठशीत 'एसएसडी'. ते नुसतं लेबल असतं. राइट क्लिक, रिनेम, हवं ते टाइप करा. दारावर कुणीही कसलीही पाटी लावावी, त्यातला प्रकार.

दुसरी हातचलाखी वेगाची. झाकण उघडलं की लगेच लॉगिन स्क्रीन, 'बघा एसएसडीचा स्पीड!' मशीन स्लीपमध्ये होतं, बंद कुठे होतं? पूर्ण बंद करून दाखवलं तरी भुलू नका. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रीस्टार्टला ही सवलत नाही. म्हणून रीस्टार्टच करायला लावा.

पण अंगाचा तिळपापड होतो तो वेगळ्याच गोष्टीने. रॅम दाखवण्यासाठी टास्क मॅनेजर उघडलेला होता. परफॉर्मन्सचं पान. डावीकडच्या रांगेत सीपीयू, मेमरी, आणि त्याखाली 'डिस्क 0 (सी:)'. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं 'एचडीडी', म्हणजे हार्ड डिस्क. मे 2020 च्या अपडेटपासून विंडोज 10 हे स्वतःहून सांगतं. समोर होतं, आणि विकणाऱ्याचं बोट मात्र सीपीयूच्या आलेखावर नाचत होतं. व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. रीस्टार्टनंतर त्याच पानावर डिस्क 100 टक्के आणि वाचन सेकंदाला दोन-तीन एमबी, तेही मिनिटांमागून मिनिटं, असं दिसलं तर हार्ड डिस्कच धापा टाकते आहे असा दाट संशय घ्या.

'आधी तपासायचं ना' असं आता सगळेच शिकवतात. कसं तपासायचं? स्क्रू काढले तर वॉरंटी जाईल असं विकणाराच बजावतो. छापील बिल खोटं धरून कुणी खरेदीला निघत नाही. मात्र स्क्रूला हात न लावताही खूप कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅग' टाइप केलं की येणाऱ्या खिडकीत 'मीडिया टाइप' असा रकाना असतो. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, 'गेट-फिजिकलडिस्क' चालवून 'मीडियाटाइप' (ड्राइव्हचा प्रकार) आणि 'बसटाइप' (तो कोणत्या जोडणीवर आहे) दोन्ही मागा, एकट्याने भागत नाही. लिनक्सवर 'एलएसबीएलके' या आज्ञेच्या 'रोटा' रकान्यात 1 म्हणजे फिरणारी चकती, 0 म्हणजे नाही.

'बसटाइप' का, तर 'एसएसडी' हा शब्द खरा ठेवूनही गंडवता येतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये 64 किंवा 128 जीबीची ईएमएमसी ही साठवणीची चिप बोर्डावरच डकवलेली असते. मोटर नाही, त्यामुळे विंडोजच्या लेखी बऱ्याचदा तीही सॉलिड स्टेट. बसटाइपमध्ये 'एसडी' किंवा 'एमएमसी' दिसलं की समजा. ती काढून मोठी बसवता येत नाही.

त्याहून सफाईदार फसवणूक एम.2 ची. एम.2 हा फक्त ड्राइव्हचा आकार आणि तो बसवायची जागा आहे, वेग नव्हे. 22 बाय 80 मिलिमीटरच्या त्याच पट्टीवर साटा या जुन्या, संथ जोडणीचा ड्राइव्हही येतो आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीचाही. साटाची वाट 6 गिगाबिटची, प्रत्यक्षात साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाही. पीसीआयई 3.0 या बोर्डावरच्या वेगवान वाटेच्या चार लेनवरचा चांगला एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जातो. 'एम.2 एसएसडी, सुपरफास्ट' म्हणून पहिला विकतात आणि पैसे दुसऱ्याचे घेतात. पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा साटा, एकच खाच उजव्या बाजूच्या पाच पिना वेगळ्या करत असेल तर बहुधा एनव्हीएमई. 'बहुधा' अशासाठी की दोन खाचांचे दोन-लेनी एनव्हीएमईही बाजारात आहेत. निकाल लावायचा असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवा, इंटरफेसच्या ओळीत 'सीरियल एटीए' की 'एनव्हीएम एक्सप्रेस' ते लिहून येतं. बसटाइप 'रेड' (RAID, अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्याची पद्धत) दिसला तर घाबरू नका, बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या, सेटिंगमुळे अस्सल एनव्हीएमईही तसा दिसतो. अशा वेळी मॉडेल नंबर उत्पादकाच्या साइटवर शोधा.

1 टीबीचे 931 जीबी किंवा 512 चे 476 दिसतात, ती मात्र फसवणूक नाही. उत्पादक हजाराने मोजतो, विंडोज 1024 ने. यावर भांडलात तर खरी तक्रारही हसण्यावारी नेतील.

आणि तक्रार म्हणजे काय चीज आहे! विक्रेत्याचा तक्रार कक्ष म्हणतो, ड्राइव्ह चालू आहे ना, मग दोष कसला? दोषाची तक्रार कुणी केली? चुकीचा माल दिल्याची आहे. मग फोटो मागतात. फोटोसाठी उघडलंत तर 'सील तोडलं'. न उघडता स्क्रीनशॉट पाठवलात तर 'सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं'. पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागतात, जणू प्रत्येकाने कॅमेरा रोखूनच पेटी फोडायची असते. उत्पादक म्हणतो, आमच्याकडून हे मशीन एसएसडीसकटच गेलं, पुढचं विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो, उत्पादकाला विचारा. मधेच एक संदेश येतो, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कुणी सोडवली, कशी सोडवली, पत्ता नाही. वरच्या पायरीवर गेलात तरी बसलेल्याला साटा आणि एनव्हीएमईतला फरक आपणच समजवायचा, आणि तोवर परतीची मुदत संपवायची!

उत्पादकाचं ते वाक्य मात्र सोडू नका, लेखी घ्या. लॅपटॉपच्या सीरियल नंबरवर कारखान्यातून काय बसून निघालं ते त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. आत वेगळं निघालं तर ड्राइव्ह वाटेत बदलला गेला, एवढं त्यातून सिद्ध होतं. तक्रार करण्याआधी फॉरमॅट करू नका, विंडोज पुन्हा टाकू नका. एकाच स्क्रीनशॉटमध्ये ड्राइव्हचं मॉडेल, त्याचा सीरियल नंबर आणि मशीनचा सीरियल नंबर आणा. बिलावर नुसतं 'एसएसडी' चालवून घेऊ नका. प्रकार, इंटरफेस, क्षमता आणि मॉडेल, चारही लिहून घ्या.

बाहेरून जोडायचे '16 टीबी'वाले चिमुकले ड्राइव्ह तर हातातही धरू नका. आत मेमरी कार्ड असतं आणि कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, खोटी क्षमता सांगतो. खरी जागा संपली की नवं लिहिलेलं हरवतं किंवा जुन्यावर चढतं, फाइलींची नावं मात्र दिसत राहतात. एच2टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचल्याशिवाय कळत नाही.

बदली ड्राइव्ह पदरात पडलाच तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे तो आजवर किती तास चालला, ते बघा. नव्या ड्राइव्हवर हा आकडा अगदी किरकोळ असतो. हजारांत निघाला तर वापरलेला माल नवा म्हणून दिलाय, त्याच दिवशी दुसरी तक्रार टाका.