काड्यांच्या आकाशकंदिलाचं किट: सामान चांगलं, कृती उलटी

सहामाही परीक्षा संपली की दुकानांत आकाशकंदिलाची किटं टांगलेली दिसायला लागतात. ढोबळमानाने ती तीन प्रकारची असतात: बांबूच्या कामट्यांचं, कापून आलेल्या पुठ्ठ्याचं आणि लेसरने कापलेल्या एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या) पातळ फळ्यांचं. तयार प्लास्टिकचा कंदील इथे धरलेला नाही. तो टांगायचा असतो, करायचा नसतो.

पुठ्ठ्याचं आणि एमडीएफचं आधी उरकून टाकू. पुठ्ठ्याचं किट चार-पाच वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे. घड्या आधीच पाडलेल्या असतात, खाचेत जीभ घातली की भिंत उभी राहते आणि अर्ध्या तासात काम होतं. गडबड दोनच ठिकाणी होते. जीभ एकदा काढून पुन्हा घातली की खाच फाटते, म्हणून आतून चिकटपट्टीचा तुकडा आधीच लावून ठेवावा. दुसरं म्हणजे पुठ्ठ्यातून उजेड येत नाही. येतो तो फक्त कापलेल्या नक्षीतून, त्यामुळे रात्री कंदील पेटल्यासारखा न दिसता भोकं पेटल्यासारखी दिसतात. खिडक्या मोठ्या असलेलं किट निवडावं आणि मागून पतंगी कागद लावावा. एमडीएफच्या किटात कडांची काजळी हाताला आणि तिथून कागदाला लागते, तेव्हा सगळे भाग ओल्या फडक्याने नव्हे तर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. ओल लागली की एमडीएफ फुगतो आणि खाचा बसत नाहीत. दिसायला देखणं, पण मुलांच्या वाट्याला फक्त जोडणी येते. हे ज्यांना चालतं त्यांनी खुशाल घ्यावं.

आता मुख्य माल, कामट्यांचा.

हा आपला जुना, घरोघरचा कंदील. मधल्या भागाला चार चौकोन, एका कोपऱ्यावर उभे केलेले, शेजारच्याला कोपऱ्याने जोडलेले. वर एक चौकोन, खाली एक चौकोन, आणि मधल्या जागांत आठ त्रिकोण. सगळ्या काड्या एकाच लांबीच्या, एकूण २४. सोळांत चार चौकोन होतात, उरलेल्या आठांत वरचा आणि खालचा. किट विकत घेताना पहिलं काम हेच: काड्या मोजा. बरोबर २४ असतील तर किट अपुरं समजावं, कारण एखादी काडी गाठीजवळ हमखास मोडते. २६ किंवा २८ असतील तर देणाऱ्याने कधीतरी स्वतः कंदील केलेला आहे.

काडी २० सेंटिमीटरची असली तर कंदील साधारण २८ सेंटिमीटर उंच होतो. गॅलरीसाठी हे माप पुरेसं. त्याहून मोठा केला तर पाच मिलिमीटर रुंदीची कामटी वाकते आणि कागद सैल पडतो. कामट्या हातात घेऊन जाडी पाहावी. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ कामटी असलेला चौकोन नेहमी जाड बाजूकडे तिरका होतो. कडांना कुसळं असतात, म्हणून मुलांच्या हातात देण्याआधी प्रत्येक काडीवरून पॉलिशपेपर दोनदा फिरवावा. किटात तो क्वचितच असतो.

कागद मात्र बहुतेक किटांत भरपूर असतो. २० सेंटिमीटरच्या कंदिलाला ५० बाय ७५ सेंटिमीटरचे पतंगी कागदाचे दोन ताव पुरतात: एका तावातून चार चौकोन, प्रत्येकी २२ सेंटिमीटरचे, आणि दुसऱ्यातून आठ त्रिकोण. तिसरा ताव शेपट्यांना. घोटीव कागद दिला असेल तर तो करंज्यांना (कडांना लावायच्या करंजीच्या आकाराच्या सजावटीला) वापरावा, भिंतींना नाही. त्यातून उजेड मंद येतो.

खरी तक्रार आहे ती आत घातलेल्या कृतीच्या चिठ्ठीबद्दल. जवळपास सगळीकडे क्रम एकच छापलेला असतो: आधी पूर्ण सांगाडा बांधा, मग कागद चिकटवा. इथेच बहुतेक घरांत कंदील बिघडतो आणि दोष मुलांच्या हाताला दिला जातो. त्रिकोण तीन काड्यांनी घट्ट होतो, चौकोन चार काड्यांनी होत नाही, तो दाबला की शंकरपाळ्यासारखा कलतो. या सांगाड्यात सहा चौकोन आहेत. त्यामुळे २४ काड्या कितीही आवळून बांधल्या तरी सांगाडा हातात पिळतो, ओल्या कपड्यासारखा. तशा पिळलेल्या सांगाड्यावर, तोही अधांतरी धरून, सात वर्षांच्या मुलाने कागद ताणून लावायचा ही अपेक्षाच चुकीची आहे.

क्रम उलटा करावा. आधी चार चौकोन सुटे बांधा आणि ते जमिनीवर आडवे असतानाच त्यांना कागद लावा. चौकोन सरळ आहे का हे पाहायला फरशीचा कोपरा वापरावा, किंवा दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही २८ सेंटिमीटरच्या आसपास आणि एकमेकांएवढे भरले की झालं. खळ (मैद्याची चिकी, कृती पुढे आहे) कागदाला लावायची नाही, काडीला लावायची. मग चौकोन उचलून कागदाच्या मधोमध ठेवायचा, सगळीकडे एक-एक सेंटिमीटर कड सोडून. कड आत दुमडायची. चारही कोपऱ्यांत मात्र कागद दीड सेंटिमीटर तिरका कापून टाकावा, नाहीतर पुढे दोरा ओवायला जागा राहत नाही आणि सुईने भोक पाडताना कागद फाटतो. हे आडवं काम पहिली-दुसरीतलं मूल सहज करतं. कागद वाळून ताणला गेला की चौकोन कलत नाही.

चारही पूर्ण वाळल्यावर (पंख्याखाली तासभर) ते कोपऱ्याला कोपरा लावून गोधडीच्या दोऱ्याने बांधावेत. प्रत्येक गाठीला दोरा आधी फुलीसारखा दोन वेळा आणि मग काड्यांच्या मधून दोन वेळा. मग वरच्या चार टोकांना चार काड्या, खालच्या चार टोकांना चार. आता फक्त वरचा आणि खालचा चौकोन कलू शकतो. वरच्या चौकोनात २८ सेंटिमीटरच्या दोन काड्यांची फुली बांधावी. दिव्याचा होल्डरही तिलाच टांगता येतो. या दोन लांब काड्या किटात जवळजवळ कधीच नसतात, बुरुडाकडून आणाव्या लागतात. खालच्या चौकोनात दोऱ्याची ताणलेली फुली पुरते. एवढं झालं की कंदील टेबलावर ठेवून हलवून बघा. डुलेल, पिळणार नाही. मग त्रिकोण, सगळ्यात शेवटी. हे मोठ्यांनी धरावेत, मुलांनी कड दुमडावी.

किटातल्या डिंकाच्या छोट्या बाटलीवर विसंबू नये. तो पातळ असतो, कागदाला सुरकुत्या पडतात. घरची खळ बरी: दोन मोठे चमचे मैदा, आधी गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मग एकूण वाटीभर पाणी घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळायचा. पारदर्शक झाला की उतरवायचा. एका कंदिलाला तेवढी पुरते आणि दोन दिवसांत आंबते, म्हणून आदल्या आठवड्यात करून ठेवू नये. जुन्या पद्धतीत किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. लहान मुलं बोटांनी खळ लावत असतील तर मोरचूद अजिबात नको, तो विषारी आहे. पतंगी कागदाचा रंग ओल्या खळीने सुटतो, विशेषतः गुलाबी आणि जांभळा. पांढरा चौकोन आणि गुलाबी त्रिकोण अशी जोडी म्हणूनच फसते. पिवळा-केशरी सोबत ठेवला तर डाग दिसत नाहीत.

तीन-चार वर्षांच्या मुलाला शेपट्यांवर बसवावं. तावाच्या उभ्या पट्ट्या फाडणं हे त्याच्या वयाचं काम आहे, आणि फाडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा वाऱ्यावर छान हलते. किटातल्या शेपट्या आखूड असतात, बहुधा पाकिटात मावाव्यात म्हणून. २८ सेंटिमीटरच्या कंदिलाला किमान ४० सेंटिमीटरची शेपटी हवी, नाहीतर तो टोपी घातलेल्या ठेंगण्या माणसासारखा दिसतो. झिरमिळ्यांना आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी चार घड्या करून घ्यावी आणि पाच सेंटिमीटर खोल कातरावी. वरचे तीन सेंटिमीटर चिकटवायला ठेवावे लागतात, हे मुलं विसरतात आणि पट्टीचे तुकडे होतात. पेन्सिलने आडवी रेघ मारून द्यावी.

काही किटांत बटणसेलवर चालणारा छोटा दिवा येतो. त्याचं झाकण स्क्रूचं नसेल तर तो दिवा घरात ठेवूच नये. बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, आणि असे दिवे नेमके धाकट्या भावंडांच्या हाताला लागतात. होल्डर, वायर आणि तीन वॉटचा एलईडी दिवा घ्यावा. कागदापासून चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर अंतर राहील असा तो मधोमध टांगावा. जुना पिवळा बल्ब कागद तपकिरी करतो.

सामान सुटं आणायचं असेल तर पुण्यात कामट्या बुरूड आळीत आणि कागद बोहरी आळीत मिळतो. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदिलांची बांधणी जवळून बघता येते, आणि मोठ्या मुलाला ती दाखवणं छापील चिठ्ठी वाचण्यापेक्षा उपयोगी पडतं. सुटं सामान किटापेक्षा स्वस्त पडतं हे उघड आहे. किटाचे पैसे आपण एकसारख्या लांबीत कापलेल्या काड्यांसाठी देतो, आणि ज्याच्याकडे बारीक करवत नाही त्याला ते परवडतं. परदेशातल्या नातवंडांना पाठवायचं असेल तर पुठ्ठ्याचं पाठवा. ऑस्ट्रेलियात बांबूच्या वस्तू सीमेवर जाहीर कराव्या लागतात. तिकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या कबाबच्या बांबूच्या काड्या टोक कापून २० सेंटिमीटरच्या केल्या की हाच कंदील होतो.

गॅलरीच्या बाहेर लोंबता ठेवू नये. परतीचा पाऊस अलीकडे दिवाळीपर्यंत रेंगाळू शकतो, आणि पाऊस नसला तरी पहाटेच्या दंवाने खळ सुटते. तुळशीच्या लग्नानंतर उतरवताना कंदील अख्खा माळ्यावर टाकला तर खळीच्या वासाने झुरळं येतात. कोपऱ्यांचे दोरे कापा, त्रिकोणांचा कागद काढून टाका. चारही चौकोन एकावर एक ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळले की ते कपाटाच्या मागे मावतात.