सीएपीडी (पोटातून होणारं डायलिसिस): घरच्या डायलिसिसचा काही महिन्यांचा अनुभव (नाशिक)

नाना आधी आठवड्यातून तीनदा सेंटरला हिमोडायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला जायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळ्यांना घरी बसायला सांगितलं, पण डायलिसिसवाला घरी बसून कसा चालेल? चार-चार तास एकाच हॉलमध्ये, खाटेला खाट लागून. मालेगावात रुग्ण वाढले तसे तिकडून येणाऱ्यांना आधी कोविडचा रिपोर्ट मागू लागले, आणि तो येईपर्यंत माणसाच्या अंगात पाणी साचत राहायचं. पुढे सेंटरचा एक टेक्निशियन पॉझिटिव्ह निघाला नि आमच्या तीन वेळांच्या दोन झाल्या. नाना रात्र-रात्र बसून काढायचे, आडवं झालं की धाप. तेव्हा डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं.

पोटात कायमची नळी बसवतात. ती रुळायला साधारण दोन आठवडे दिले. आता दिवसातून चारदा डायलिसिसच्या पाण्याची दोन लिटरची बॅग: पोटातलं जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं, दर वेळी अर्धा-पाऊण तास. मशीन नाही, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. पण त्या वेळात दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. एप्रिलच्या उकाड्यात हे करून बघा! थंडीत बॅग आधी हीटिंग पॅडवर कोमट करावी लागते. गरम पाण्यात बुडवायची नाही, ओल राहिली की जंतूंना वाट मिळते.

फायदा मोठा आहे. दुसऱ्या लाटेत शहरात बेडसाठी पळापळ चालू असताना नाना हॉस्पिटलच्या दारापासून लांब राहिले. पाणी रोजच निघत असल्याने सूज उतरली, पाणी पिण्यावरचं बंधन सैल झालं. मिसळ मात्र मिठापायी अजून बंदच, त्यावरून रोज कुरकुर.

तोटेही ऐका. बॅगेत ग्लुकोज असतं. मधुमेह असल्याने इन्सुलिन वाढवावं लागलं, वजनही वाढलं. प्रोटीन पाण्यावाटे जातं, म्हणून अंडी वाढवली. हिमोडायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं, बॅगांचे पैसे आम्ही खिशातून भरतो. खोक्यांनी एक खोली अडवलीय. रिकाम्या बॅगांचा ढीग बघून घंटागाडीवाला सुरुवातीला बिचकला होता.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पोटातला संसर्ग. निघालेल्या पाण्याच्या बॅगेखाली पेपर ठेवतो. अक्षरं वाचता आली तर ठीक. एकदा पाणी गढूळ आलं, पोटही दुखत होतं. फोटो पाठवला, डॉक्टरांनी तीच बॅग घेऊन लगेच बोलावलं, तपासणी करून बॅगेतूनच अँटिबायोटिक दिलं. थांबलो असतो तर नळी काढायची वेळ आली असती.

घरात नीट हात धुऊन, न कंटाळता रोज हे करणारं माणूस असेल तर जरूर घ्या. आमच्याकडे ते काम आईकडे आहे, आणि तिला सुट्टी नाही. दुसरं कोणी तरी शिकून ठेवा. मी आता शिकतोय. बॅगांचा महिनाभराचा साठा जवळ हवाच, लॉकडाऊनमध्ये ट्रान्सपोर्ट अडकलं होतं.