फोर्ज्ड पिस्टनचं बिल, आत कंपनीचेच पिस्टन

गाडीचं इंजिन टर्बोसाठी नव्याने बांधून घेतलं, त्या कामाचं बिल अजून माझ्याकडे आहे. ८४ मिलिमीटरचे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, एच-बीम कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे), ब्लॉक बोअर आणि होनिंग (सिलिंडर मोठे करून आतून घासणं), बिलेटचे (सलग धातूतून कापलेले) ऑइल पंप गिअर, हेड स्टड (इंजिनाचं डोकं ब्लॉकला आवळणारे खिळे), गॅरेटचा जीटी२८६०आरएस टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र), स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक), डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) कस्टम ट्यून. मजुरी धरून साडेअकरा हजार डॉलर. यातले हेड स्टड आणि ईसीयू खरे निघाले. बाकीचं एक तर नव्हतंच, नाही तर बनावट होतं.

स्टडच का खरे, हे कळलं तेव्हा काम करणाऱ्या त्या दुकानदाराच्या डोक्याची मला दादच द्यावीशी वाटली. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पाच मिनिटांत निघतं. कुठलंही हौशी गिऱ्हाईक घरी ते काढून बघतं, आणि तिथे स्टडची आटे पाडलेली टोकं नटांच्या वर आलेली दिसली की खूश होतं. ईसीयूला तर लॅपटॉपच जोडायचा असतो. गिऱ्हाइकाची नजर जिथवर पोचते तिथवर माल चोख द्यायचा, त्याच्या खाली कंपनीचं जुनं इंजिन तसंच ठेवायचं, असा त्याचा सरळ हिशेब.

गाडी १९९९ ची माझदा मियाटा. मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. इथे गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे मराठी लोक भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी स्पोर्ट्स कार असते, म्हणून हे मराठीत लिहितोय. मियाटाचं १८३९ सीसीचं बीपी इंजिन कागदावर १४० हॉर्सपॉवरचं. चाकांवर मोजलं तर ११०-११५ मिळते. टर्बो त्याला परका नाही. जपानमध्ये माझदाने याच घराण्याचं टर्बो इंजिन फॅमिलियामध्ये बसवलं होतं, आणि २००४-०५ मध्ये खुद्द मियाटाच कंपनीच्या टर्बोसकट १७८ हॉर्सपॉवरची विकली.

अडचण रॉडची असते. टर्बोचा दाब वाढवत नेला की मधल्या आरपीएमवर टॉर्क एकदम उसळतो आणि कंपनीचे बारीक रॉड वाकतात. चाकांवर सव्वादोनशे-अडीचशेच्या पुढे जायचं तर आधी रॉड बदला, असं या गाडीची कामं करणारे सगळेच सांगतात. ऑइल पंपाचे मूळ गिअर सिंटर्ड (भुकटी दाबून भाजलेल्या) धातूचे असतात; वरच्या आरपीएमवर ते फुटले तर तेलाचा दाब जाऊन अख्खं इंजिन जॅम होतं. मला चाकांवर २५०-२६० हवे होते. म्हणजे खर्चाचा मोठा भाग अशा वस्तूंवर होणार होता, ज्या इंजिन बंद झाल्यावर कुणालाच दिसत नाहीत.

दुकान जवळच्याच उपनगरातलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. जागा झाडूनपुसून लख्ख, भिंतीवर डायनोचे कागद फ्रेम करून लावलेले, मालक बोलायला गोड. कामाचे फोटोही पाठवत होता: टेबलावर मांडलेले चकचकीत रॉड, उघडा ब्लॉक, बोअरमधल्या होनिंगच्या जाळीदार रेघा. जुने पिस्टन-रॉड मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिबोअरला ब्लॉक टाकला तर मालकाला समोर उभं करून बोअर गेजचा काटा दाखवतात, आणि जुने पिस्टन गोणपाटात बांधून गाडीच्या डिकीत टाकतात. इथे मिशिगनमध्ये तर १९७४ पासून कायदाच आहे: काम सुरू करण्याआधी लेखी अंदाजपत्रक द्यायचं, आणि काढलेले भाग गिऱ्हाइकाने मागितले तर थोडे अपवाद सोडता परत करायचे. हे मी त्याला बोललो, तर हसला. "रेस शॉपला ते लागू नाही," म्हणाला. साफ खोटं होतं ते.

गाडी घरी आली. ब्लॉकला ताजा काळा रंग, टॅपेट कव्हर सुरकुत्यांच्या लाल रंगात. पळायलाही जोरदार. ११५ ची सवय असलेल्या माणसाला पुढचा कुठलाही आकडा विमानासारखाच वाटतो, हेही त्याला ठाऊक असणार.

पहिली गाठ सुटली ती डायनोच्या कागदावर. त्यावर होतं: ६५०० आरपीएमला टॉर्क १९८ पाउंड-फूट, पॉवर २७१. आता हॉर्सपॉवर ही काही वेगळी मोजायची गोष्ट नाही. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, एवढंच. १९८ ला ६५०० ने गुणून ५२५२ ने भागा: २४५ येतात. २७१ कुठून आले? ग्राफवर दोन्ही रेषा ४८०० च्या आसपास एकमेकींना छेदत होत्या. दोन्ही बाजूंची मोजपट्टी एकच असेल तर त्या ५२५२ लाच छेदायला हव्यात, दुसरीकडे छेदूच शकत नाहीत. मालकाला विचारलं तर म्हणाला, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. बरं, असतील. पण मोजपट्टी कशीही आखली तरी छापलेले आकडे बदलतात का? त्यावर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आल्याचं सांगून फोन ठेवला.

(आपल्याकडे डायनोचा कागद न्यूटन-मीटर आणि पीएसमध्ये असतो. तिथे भाजक ७०२४ च्या आसपास. पुण्यात माझ्या मावसभावाने पोलो रीमॅप करून घेतली, तिचा कागद मी याच हिशेबाने तपासला. बरोबर निघाला. सगळेच चोर नसतात. कागदाच्या कोपऱ्यात करेक्शन फॅक्टर (हवामानाप्रमाणे आकडे दुरुस्त करणारा गुणक) कुठला आहे तेही बघत जा: त्याच गाडीचे आकडे एसएई या गुणकापेक्षा एसटीडीने दोन-चार टक्के फुगतात, आणि काही दुकानं नेमका तोच वापरतात.)

मग गाडी दुसऱ्या डायनोवर नेली, ज्याचा पहिल्या दुकानाशी काही संबंध नव्हता. चाकांवर १८६. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, ८ पीएसआय. बिलावर १४ लिहिले होते. म्हणजे दाब कमी ठेवला होता तोही मुद्दाम. १४ दिले असते तर रॉड लवकर वाकले असते आणि बिंग फुटलं असतं. ८ वर कंपनीचं इंजिन बराच काळ तग धरतं, तोवर गिऱ्हाईक लांब गेलेलं असतं, आणि पुढे काही झालंच तर "तुम्ही इंजिन ताणलं" म्हणायला मोकळं.

ट्यूनची तऱ्हा तीच. ईसीयू मेगास्क्वर्ट जातीचा. लॅपटॉप जोडून त्यातली फाइल बाहेर काढली आणि ईसीयूसोबत फुकट मिळणाऱ्या बेस मॅपशी ताडून पाहिली. ट्यूनरस्टुडिओमध्ये दोन फाइलींतला फरक दाखवायची सोय आहे. इग्निशनचा तक्ता घर न् घर तोच. इंधनाच्या तक्त्यालाही हात लावलेला नाही. फक्त इंजेक्टरचा आकार बदलला होता. डायनोवर तासन् तास घालवून केलेल्या कस्टम ट्यूनचे म्हणून नऊशे डॉलर घेतले होते. बेस मॅप असतो इंजिन सुरू होऊन गाडी गॅरेजबाहेर निघावी एवढ्यापुरता. बूस्टमध्ये त्याच्यावर गाडी पळवणं म्हणजे नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणाऱ्या ठोक्यांना) आवतण. इथलं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल चांगलं म्हणून माझं निभावलं.

आता आत बघणं भाग होतं. स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला. नव्या फोर्ज्ड पिस्टनच्या माथ्यावर मशिनिंगच्या बारीक रेघा आणि व्हॉल्व्हसाठी कापलेल्या स्वच्छ खाचा दिसायला हव्यात. मला दिसला ओतीव माथा आणि त्यावर कित्येक वर्षांचा कार्बनचा जाड थर. तरी कोर्टात बोअरस्कोपच्या धूसर फोटोवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून एका सत्तरीच्या मशिनिस्टकडे गेलो. मियाटाचा ऑइल चेंबर काढायचा तर पुढचा सबफ्रेम खाली घ्यावा लागतो. इतकी उस्तवार कोणी करत नाही, याच भरवशावर हा सगळा धंदा चालतो. चेंबर निघाला. रॉड कंपनीचेच. हेड उतरवल्यावर म्हाताऱ्याने बोअर गेज घातला आणि काही न बोलता डायल माझ्याकडे वळवला: ८३, कंपनीचं माप. ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढलाच नव्हता. ऑइल पंपातले गिअरही जुनेच.

टर्बो शेवटी उघडला. जीटी२८६०आरएस हा बॉल बेअरिंगचा टर्बो. माझ्या गाडीवरच्या टर्बोत साधी, गोळ्यांशिवाय तेलाच्या थरावर फिरणारी जर्नल बेअरिंग होती. पाटी मात्र अगदी हुबेहूब. गॅरेटच्या नकला बाजारात फिरतात ही जुनीच गोष्ट, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. टर्बो बसवायच्या आधी हातात घेऊन शाफ्ट बोटांनी हलवून बघा: तेल नसताना जर्नल बेअरिंगचा शाफ्ट आडवा खुळखुळतो, बॉल बेअरिंगचा जवळजवळ हलत नाही. आणि टर्बो अधिकृत विक्रेत्याकडून स्वतः विकत घेऊन दुकानात नेऊन द्या. दुकानदार कुरकुर करेल, त्याचं कमिशन बुडतं.

पैशांचं असं झालं. टर्बोचे क्रेडिट कार्डावर दिले होते. मशिनिस्टचा लेखी अहवाल जोडल्यावर बँकेने ते परत मिळवून दिले. बाकीची रक्कम झेलने (खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवायच्या सेवेने) गेली होती, कारण "कार्डाचे तीन टक्के वाचतील" असा त्याचा आग्रह. झेलने गेलेला पैसा बँक परत आणत नाही. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात गॅरेजविरुद्ध तक्रार केली. इथे दुरुस्तीच्या दुकानांची नोंदणी तिथेच होते. डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा टाकल्यावर त्याच्या वकिलाने तडजोडीचा फोन केला. चार हजार हप्त्यांनी द्यायचं ठरलं. पहिला हप्ता आला, पुढचे रखडले आहेत.

इंजिन आता म्हाताऱ्याकडेच बांधलं. त्याने बिलासोबत मापांचा कागद दिला: प्रत्येक सिलिंडरचा बोअर, पिस्टन आणि भिंतीतली फट, रिंगची फट, बेअरिंगची क्लिअरन्स, सगळं हाताने लिहिलेलं. हेड बसवण्याआधी मला बोलावून मोजून दाखवलं. प्रत्येक फोटोत इंजिन नंबर आला पाहिजे, हेही त्यानेच सुचवलं.

नंबराचं महत्त्व मला एव्हाना नीट कळलं होतं. दावा चालू असताना एका गाड्यांच्या मेळाव्यात त्याच दुकानाचं आणखी एक गिऱ्हाईक भेटलं, विशीतला मुलगा. त्यानेही इंजिन बांधून घेतलं होतं आणि मोबाइलवर कौतुकाने त्याचे फोटो दाखवत होता. टेबलावर तेच रॉड, तोच ब्लॉक, कोपऱ्यात तेच नारिंगी फडकं. मला आलेले फोटो मी त्याच्यासमोर धरले. पोरगा पांढराफटक पडला, कारण त्याने ती गाडी आधीच विकून टाकली होती, बिलासकट, ओहायोतल्या कुणाला तरी रोख पैशांत. घेणाऱ्याचा फोन नंबर त्याच्याकडे नाही. तीही १९९९ चीच, हिरवी, टॅपेट कव्हर सुरकुत्यांचं लाल. ही गाडी तुमच्यापैकी कुणाकडे आली असेल, किंवा कुणाकडे दिसली, तर बूस्ट वाढवण्याआधी बोअरस्कोप घालून बघा आणि मला कळवा. माझे फोटो, मशिनिस्टचा अहवाल आणि दाव्याची प्रत तुम्हाला लगेच पाठवतो.