मोटारहोमसाठी टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा निवडताना
अमेरिकेत नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची असली, तरी 4,536 किलोंहून जड किंवा मागे जोडचाके असलेल्या मोटारहोमना, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांना, तो नियम लागू नाही. त्यामुळे ती आपणच निवडून बसवावी लागते. जोडचाकांतील आतल्या टायरची हवा गेली, तर बाहेरचा टायर एकटाच भार पेलत राहतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही. माझ्या मते हा एकच मुद्दा खर्चासाठी पुरेसा आहे.

आम्ही घेतलेल्या संचाचा पडदा भर उन्हातही स्पष्ट दिसतो, दाबाबरोबर तापमान कळते आणि टायरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या सेन्सरची बॅटरी घरीच बदलता येते. गाडी लांब असल्याने मागच्या सेन्सरचे संदेश अधूनमधून तुटत. रिपीटर (संदेश पुढे पोहोचवणारे उपकरण) जोडल्यावर ती अडचण संपली, म्हणून तो संचातच मिळतो का, हे आधी विचारावे. न काढता हवा भरता येणारे सेन्सर फार सोयीचे, परंतु ते जड असल्याने व्हॉल्व्ह रबरी नको, धातूचाच हवा. दाबाची मूळ पातळी टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वीच नोंदवावी. गाडी धावल्यावर दाब वाढलेला पाहून हवा काढणे धोक्याचे आहे.