झडप बदललीय आणि बीपीही आहे: ॲम्लोडिपिन की टेल्मिसार्टन?

हृदयाची झडप बदलून घेतलेल्या माणसाला पुढे बीपी निघालं, की चिठ्ठीवर बऱ्याचदा या दोनपैकी एक गोळी येते. दोन्ही दिवसातून एकदाच घ्यायच्या, दोन्ही जेनेरिकमध्ये स्वस्त, दोन्हींनी बीपी चांगलं उतरतं. म्हणून ‘कुठलीही चालेल’ असं सहज म्हटलं जातं. कृत्रिम झडप असलेल्याने मात्र गोळी ठरवताना आधी आपल्या हिरड्या पाहाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश करताना, अगदी कडक भाकरी चावतानाही तोंडातले जंतू रक्तात शिरतात. निरोगी हृदयात ते सहसा टिकत नाहीत. कृत्रिम झडपेवर ते चिकटून घर करू शकतात. मग साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागतं. कधी पुन्हा ऑपरेशन. एवढं करूनही सगळे रुग्ण वाचतातच असं नाही.

ॲम्लोडिपिनमुळे काही जणांच्या हिरड्या वाढतात. सगळ्यांच्या नाही, पण दातांवर कीटण असलेल्यांना धोका अधिक. पहिल्या काही महिन्यांत दातांच्या फटींत हिरडी फुगते, तिथे ब्रश पोचत नाही, घाण साचते आणि रक्त येऊ लागतं. गोळी बदलली की सूज बहुधा ओसरते. आपल्या सोलापुरात मशेरी लावणारे, तंबाखू धरणारे कमी नाहीत. त्यांच्या हिरड्या आधीच खराब असतात. याच गोळीने घोट्यांवर सूजही येते. झडपेच्या रुग्णाला ती गोळीची की हृदय थकल्याची, हे घरी बसून ओळखता येत नाही.

टेल्मिसार्टनने हिरड्या वाढत नाहीत. तिचं लक्ष ठेवायचं ठिकाण म्हणजे किडनी. सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) व पोटॅशियम तपासायला हवं. झडपेच्या अनेक रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असते. दोन्ही मिळून पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो. अशात जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी काही दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका. झडप खराब होण्यामागे आपल्याकडे लहानपणचा संधिवाताचा ताप हे मोठं कारण, त्यामुळे या रुग्णांत तरुण मुली बऱ्याच असतात. गरोदरपणात टेल्मिसार्टन अजिबात चालत नाही, बाळाच्या किडनीला इजा होते. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलीच्या चिठ्ठीवर ती दिसली, तर आईने संकोच न करता बोलावं.

संसर्ग झालाच तर दोन्ही गोळ्या अडचणीच्या ठरू शकतात. झडपेच्या संसर्गात जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक द्यावं लागलं, तर त्यांचा भार किडनीवर पडतो, आणि टेल्मिसार्टन चालू असेल तर क्रिएटिनिनवर अधिक बारीक नजर लागते. रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक दिलं तर ॲम्लोडिपिनचा असर खूप घटतो. म्हणून ॲडमिट होताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

माझा कल असा: किडनी ठीक आहे, वेळच्या वेळी रक्त तपासता येतं, गरोदरपणाचा प्रश्न नाही, पण हिरड्या नाजूक आहेत, तर डॉक्टरांशी टेल्मिसार्टनबद्दल बोला. किडनी अधू असेल किंवा पोटॅशियम वाढतं असेल तर ॲम्लोडिपिन बरी. मग दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांना दाखवणं आलंच. ॲम्लोडिपिन वर्षानुवर्षं चालू आहे आणि हिरड्या घट्ट आहेत, तर उगाच बदलू नका. आणि आपल्या मनाने गोळी बंद तर मुळीच नको.

गोळी कुठलीही असो, दात काढण्याआधी कृत्रिम झडपेबद्दल सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्या मोठ्या माणसाला साधारणपणे २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन तीस ते साठ मिनिटं आधी देतात. आणि ताप रेंगाळला, रात्री घाम येऊ लागला, तर मेडिकलमधलं अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने रक्तातले जंतू कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, सापडेनासे होतात आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होतं. सिव्हिलला जा किंवा तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, आणि पहिला डोस घेण्याआधी ब्लड कल्चर करायला सांगा.