बाग सुंदर, बाक उलटे

गुडघे दुखतात म्हणून कुठल्याही बागेत गेलं की मी आधी बाक मोजते, झाडं नंतर. तळ्याकाठच्या या बागेत बाक अकरा आहेत आणि त्यातले सात तळ्याकडे पाठ करून! बसलं की समोर काय, तर चालणाऱ्यांचे बूट. ज्यांनी ते बसवले ते स्वतः तिथे कधी टेकले नसावेत.

उरलेल्या चारांतला पूर्वेच्या काठावरचा, वाकलेल्या झाडाखालचा बाक गाठा. सकाळी ऊन पाठीशी राहतं, त्यामुळे पाण्यातले पक्षी रंगासकट दिसतात. समोरच्या काठावरून तेच पक्षी नुसते काळे ठिपके. उजाडायच्या आत पोचलात तर पाण्यावर धुकं सापडेल. रात्रीत हवा गार पडते, पाणी तितक्या लवकर निवत नाही, म्हणून तळं वाफाळल्यासारखं दिसतं. ऊन चढलं की बघता बघता सगळं गायब.

मी दोनदा गेले ती खरं तर टिबुकलीसाठी. बदकाच्या पिल्लाएवढी, तपकिरी, शेपूट जवळजवळ नाहीच. बुडी मारते ती भलतीकडेच वर येते. मी सेकंद मोजायला लागले: बारा, अठरा, एकदा चोवीस. माझे डोळे उजवीकडे लागलेले आणि ही बाई डावीकडे, पाणकणसांच्या आडून डोकं काढून बघतेय. जवळच खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसलेला. बदकाच्या पंखांवरून पाणी निथळून जातं, याचे बऱ्यापैकी भिजतात. भिजल्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण मग दोरीवरच्या शर्टासारखं वाळत बसावं लागतं.

तळ्यात इंजिनाची होडी नाही, फक्त वल्ह्यांच्या. इथली शांतता त्यामुळेच टिकलीय. जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय होडीत पाय ठेवू देत नाहीत, तेही बरं. पूर्ण फेरीला मला पाऊण तास लागला. वाट मातीची आणि सपाट आहे, पण सांडव्याजवळ मुळं वर आलीत, तिथे जपून. स्वच्छतागृहाला दोन्ही वेळा कुलूप होतं. किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही.

पक्ष्यांना पाव टाकू नका अशी पाटी आहे, पण तिची अक्षरं पार उडालीत. न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो आणि शेवाळ माजतं. एक छोटा मुलगा मनापासून तुकडे टाकत होता. मी टिबुकली दाखवली तेव्हा तो पाव विसरला आणि माझ्याबरोबर मोठमोठ्याने आकडे म्हणू लागला. तेवढीच काय ती शांतता मोडली.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा बाकांचा. पुढच्या खेपेला घडीचं स्टूल नेणार आहे आणि त्या सातांपैकी एका बाकाच्या मागे, पाण्याकडे तोंड करून मांडणार आहे.