क्विल्टची बॉर्डर कशात आखाल? ईक्यू८, इंकस्केप आणि कॅल्क शेजारी-शेजारी ठेवून

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, आणि तिचा एकेक चौकोनी भाग म्हणजे ब्लॉक. नऊ चौकोनांचा साधा ब्लॉक चौकटीच्या वहीतही निघतो, त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो ब्लॉक एकमेकांना जोडल्यावर, आणि सगळ्यात जास्त बॉर्डर बसवताना. मुंबईत त्यात जागेची अडचण आहेच. वन बीएचकेत तीस ब्लॉक जमिनीवर मांडून, लांब उभं राहून बघण्याइतकी मोकळी फरशी क्वचितच मिळते, म्हणून मांडामांड स्क्रीनवरच उरकावी लागते. तेव्हा एकच क्विल्ट तिन्ही ठिकाणी आखून बघू.

नमुना असा: १० इंची ब्लॉक, आडवे ५ आणि उभे ६, म्हणजे मधला भाग ५० × ६० इंच. भोवती ४ इंची चौकोनांची बॉर्डर, प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांचा. ६० इंचांच्या बाजूला १५ चौकोन नेमके बसतात, पण ५० इंचांच्या बाजूला साडेबारा. मधे १ इंचाची साधी पट्टी चारही बाजूंनी लावली तर माप ५२ × ६२ होतं. आता १३ चौकोन बसले, पण दुसऱ्या बाजूला साडेपंधरा झाले. सारख्या रुंदीची पट्टी घेऊन हे कधीच जुळणार नाही, कारण लांबी-रुंदीतला फरक १० इंच आहे आणि १० ला ४ ने पूर्ण भाग जात नाही. पट्टी डावी-उजवीकडे १ इंच आणि वर-खाली २ इंच घेतली तर ५२ × ६४ होतं: १३ आणि १६ चौकोन, शिवाय चार कोपरे, एकूण ६२. दुसरा मार्ग म्हणजे बॉर्डरचा चौकोनच ५ किंवा अडीच इंचाचा करायचा, मग पट्टीच नको.

इलेक्ट्रिक क्विल्ट ८, म्हणजे ईक्यू८, हे क्विल्टसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. २०१७ साली आलं, विंडोज आणि मॅकवर चालतं, टॅबलेट किंवा फोनवर नाही. तयार ब्लॉकची लायब्ररी हजारोंच्या घरात. बॉर्डरचा प्रकार निवडायचा, प्रत्येक बाजूला किती ब्लॉक हवेत तो आकडा टाकायचा, चारही बाजूंची रुंदी वेगवेगळी ठेवायची, हे सगळं काही मिनिटांत होतं. वरची १ आणि २ इंचांची पट्टी इथे सहज जमते.

पण नवशिक्यांचं कापड सगळ्यात जास्त इथेच वाया जातं. पट्टी न लावता ५० इंचांच्या बाजूला १३ आकडा टाकला, तर ईक्यू८ तक्रार करत नाही. चौकोन दाबून ३.८४६ इंचांचा करतं आणि चित्र सुरेख दिसतं. कापायच्या मापांचा तक्ता काढला की आकडे गोल होतात. शिलाईची मार्जिन (प्रत्येक बाजूला पाव इंच) धरून ४.३४६ इंच हवे असतात, मोजपट्टीवर आपण ४ ३/८ इंच धरतो. एका तुकड्यात फरक नगण्य, पण १३ तुकड्यांत तो ३/८ इंच होतो. बॉर्डर मधल्या भागापेक्षा लांब पडते आणि शिवल्यावर कडेला झोळ येतो. ब्लॉकचंही तेच: तीन भागांचा ब्लॉक १० इंचाचा केला तर एक भाग ३.३३ इंच होतो. असा ब्लॉक ९ किंवा १२ इंचाचाच करा. स्वतः ब्लॉक काढताना ग्रिडच्या बिंदूंची संख्याही विभागांनी भाग जाईल अशी ठेवा. १२ इंचाला २४ बिंदू ठेवले तर तीन आणि चार, दोन्ही भाग जमतात. रेघ कडेपर्यंत टेकली नाही तर तुकडा बंद होत नाही आणि रंग भरला जात नाही. बिंदू जुळले की ही चूक आपोआप टळते.

किंमत दोनशे डॉलरच्या वर, एकदाच भरायची. परवाना दोन कॉम्प्युटरवर सुरू करता येतो. जुना लॅपटॉप विकण्याआधी त्यावरचा परवाना आठवणीने बंद करा.

इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र क्विल्ट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, आणि बॉर्डरच्या बाबतीत मला ते त्याच गुणामुळे आवडतं. ४ इंची चौकोन टाइल्ड क्लोन्सने (एका आकाराच्या जोडलेल्या प्रती, म्हणजे क्लोन, ओळीने मांडणाऱ्या सोयीने) एका ओळीत १३ वेळा मांडला की शेवटचा चौकोन २ इंच बाहेर डोकावतो. चूक डोळ्यांसमोर येते, कोणी दाबून लपवत नाही. ग्रिड पाव इंचाची ठेवा, स्नॅपिंग (आकार ग्रिडला आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवा आणि प्रेफरन्सेसमध्ये भौमितिक बाउंडिंग बॉक्स (आकाराभोवतीची मापाची चौकट) निवडा. मूळ सेटिंग रेघेची जाडी मापात धरतं. अर्ध्या मिलिमीटरची रेघ असली तर १३ चौकोनांत साडेसहा मिलिमीटर वाढतात, म्हणजे जवळजवळ पाव इंच, एका शिलाईच्या मार्जिनइतके.

क्लोनचा फायदा असा की मूळ चौकोनातला त्रिकोण उलटा केला की सगळी बॉर्डर बदलते. क्लोनना वेगवेगळे रंग द्यायचे असतील तर मूळ आकाराचा रंग आधी ‘अनसेट’ करावा लागतो, हे माहीत नसलं की तास जातो. टेम्प्लेटला (कापड कापायच्या साच्याला) मार्जिन देताना साधं आउटसेट वापरू नका, त्यात कोपरे गोल होऊ शकतात. पाथ इफेक्टमधला ऑफसेट घ्या, जोड टोकदार ठेवा आणि अंतर पाव इंच. कापड किती लागेल हे मात्र इंकस्केप सांगणार नाही.

तो हिशोब लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमध्ये करा. ज्याच्याकडे ईक्यू८ आहे, त्यानेही करावा. आपल्याकडे सुती कापडाचा पन्हा कधी ३६, कधी ४४ इंच निघतो. मंगलदास मार्केटमध्ये एकाच रांगेतल्या दोन दुकानांत दोन वेगळे पन्हे मिळू शकतात. समजा साडेपाच इंचाचे ६० चौकोन कापायचेत. ४४ च्या पन्ह्यात किनार सोडून ४२ इंच धरले तर ओळीत ७ बसतात, ९ ओळी, साडेएकोणपन्नास इंच, म्हणजे १.२६ मीटर. ३६ च्या पन्ह्यात ३४ इंच धरले तर ओळीत ६, १० ओळी, १.४० मीटर. त्यावर आटण्यासाठी आणि वाकड्या फाडीसाठी दहा टक्के वाढवा. ईक्यू८ मध्येही पन्हा बदलता येतो, पण आधीचा पन्हा तसाच राहून गेला की दुकानात कापड कमी पडतं. उत्तर यार्डात आलं असेल तर ०.९१४४ ने गुणून मीटर काढा.

सूत्रं कॅल्कच्या सेलमध्ये कायमची लिहून ठेवा. चौकोनाला तयार मापात अर्धा इंच मिळवा, दोन त्रिकोणांच्या चौकोनाला ७/८, चार त्रिकोणांच्या चौकोनाला सव्वा. म्हणजे आपल्या ४ इंची बॉर्डरचे त्रिकोण ४ ७/८ इंचाच्या चौकोनातून निघतील. ब्लॉक तिरके लावायचे असतील तर १२ इंची ब्लॉकचा कर्ण १६.९७ इंच. कडेच्या त्रिकोणांसाठी सव्वाअठरा इंचाचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापायचा, कोपऱ्यांसाठी ९ ३/८ इंचाचा एकाच कर्णावर. यात उरेब, म्हणजे धाग्याला तिरका काप, कुठे येतो ते बघा, कारण सॉफ्टवेअरला आकार कळतो, कापडाचा धागा कळत नाही. कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू क्विल्टच्या कडेला येते, ती उभ्या किंवा आडव्या धाग्यावर हवी. ती उरेब आली तर ताणली जाते आणि बॉर्डर लाटेसारखी वर-खाली होते.

चित्र काढायला कॅल्क चौकोनांपुरतंच बरं. स्तंभ आणि ओळ दोन्ही ०.८ सेंटिमीटर केली की मधून बाहेर वाढत जाणारी गोधडीची रंगांची चौकट झकास दिसते. त्रिकोण आले की नाद सोडा.

वर्षाला एखाददुसरा क्विल्ट आणि तोही चौकोनांचा असेल, तर कॅल्कवर भागतं. टेम्प्लेट हाताने कापता, नवे आकार काढायला आवडतात आणि दोन-तीन रविवार शिकण्यात घालवायची तयारी आहे, त्यांनी इंकस्केप घ्यावं, जोडीला कॅल्क. ऑर्डरीवर क्विल्ट करता, गिऱ्हाइकाला तीन-चार रंगसंगती लगेच दाखवायच्या असतात, त्यांना ईक्यू८ची किंमत वसूल होते. दुकानात काढलेला कापडाचा फोटो त्यात टाकून थेट ब्लॉकमध्ये भरता येतो. फोटो काढताना कापडावर मोजपट्टी ठेवा म्हणजे बुट्टीचा आकार खरा येईल. मोठ्या बुट्टीचं कापड ४ इंची त्रिकोणात ओळखूही येत नाही, आणि ते विकत घेण्याआधीच कळतं.

छपाईत तिन्ही सारखी. कागदावर शिवायच्या ब्लॉकचं चित्र उलटं छापावं लागतं: ईक्यू८ मध्ये छापताना मिररचा पर्याय तपासा, इंकस्केपमध्ये सगळं निवडून एच दाबा. १० इंची ब्लॉक मार्जिनसह साडेदहा इंच होतो आणि ए४ ची रुंदी ८.२७ इंचच, म्हणून पीडीएफ ए३ वर करून पेनड्राइव्हमधून झेरॉक्सच्या दुकानात न्या. तिथे बहुतेक ‘फिट टू पेज’ चालू असतं. छाप ९७ टक्के आली तर १० इंची ब्लॉक ९.७ होतो आणि ६ ब्लॉकांत १.८ इंच कमी पडतात. पानाच्या कोपऱ्यात १ इंचाचा चौकोन काढून ठेवा, ‘ॲक्चुअल साइज’ सांगून आधी एकच पान छापून घ्या आणि काउंटरवरच पट्टीने मोजा. तो चौकोन बरोबर आला की मगच उरलेली पानं काढायला सांगा.